उन्हातल्या शिंकेची मालकी

आमच्या घरातली माणसं सावलीतून उन्हात आली की शिंकतात. थोरले काका, माझे वडील, शिराळ्याला दिलेली आत्या आणि मी. मांडवातून बाहेर पडताना काढलेल्या आमच्याकडच्या लग्नांच्या फोटोंत निम्मी तोंडं वाकडी आहेत.

माझ्या मैत्रिणीची मुलगी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जनुकांवर संशोधन करते. सांगलीच्या कोर्टातून बाहेर पडताना तिनं मला शिंकताना पाहिलं आणि तिचे डोळे चमकले. "मावशी, हे रक्तातून येतं. घरचे लाळेचे नमुने देतील?"

"देतील की," मी बिनधास्त सांगितलं.

एका रविवारी आम्ही पलूसला घरी गेलो. आत्याही आली होती. काका पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. पेपर वाचायचे तो लिलावाच्या नोटिसांपर्यंत. मुलीनं छोट्या नळ्या मांडल्या, तशी त्यांनी पेपराची घडी घातली.

"ह्या थुकीतनं जे घावंल ते कुणाचं? उद्या एखाद्या कंपनीनं आमच्या शिंकेचं पेटंट घेतलं, तर आमी लायसन काढून उन्हात जायाचं व्हय?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वकील, पण माझी वकिली बांध आणि वाटण्यांची. तरी येण्याआधी थोडं वाचलं होतं. "काका, निसर्गात आधीपासून असलेली गोष्ट नुसती सापडली म्हणून आपल्या कायद्यात तिचं पेटंट मिळत नाही. तिच्यावरून नवी तपासणी किंवा औषध तयार केलं, तर त्याचं मिळू शकतं."

"म्हंजे शिंक आमची, औषध त्येंचं, आन इकत घ्यायचं पुन्हा आमीच."

मोठमोठ्या न्यायालयांतही लोक याच मुद्द्यावर भांडतात, एवढंच मी पुटपुटले.

"आण गं पोरी ती नळी, मी देते," आत्या म्हणाली.

"थांब! तुझ्यात आन माझ्यात एकाच आई-बाचं हाय. तू दिलंस म्हंजे माझं बी गेलं."

"दादा, जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही केली मी. थुकीवर केल्याली न्हाई."

माझे वडील एकदम छताचा पंखा बघायला लागले.

मुलगी प्रामाणिक होती. "आजोबांचं खरं आहे. बहिणीच्या नमुन्यातून भावाबद्दलही थोडं कळतं. यावर आमच्याकडंही वाद चालतात."

"बघ!" काका म्हणाले.

"पण नमुना द्यायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं."

"बघ!" आत्या म्हणाली.

पण आत्यानं नुकताच लाडू खाल्ला होता आणि नमुन्याआधी तोंड रिकामं लागतं. तोवर शिंका बघून घ्यायचं ठरलं. आम्ही एकेक करून माजघरातून अंगणात आलो. वडील शिंकले, मी शिंकले, आत्या अशी शिंकली की कोंबड्या उधळल्या. काका मात्र आत पाट टाकून बसले. "मी फुकट शिंकणार न्हाई."

जेवणवेळ टळली तरी ते हलेनात. पण मोरी पडली अंगणापलीकडं. शेवटी डोक्यावरून टॉवेल ओढून, नाक चिमटीत धरून, ते झपझप निघाले. तुळशीपाशी टॉवेल घसरला. काका उन्हात उभे, तोंड वासलेलं, हात हवेत. आम्ही सगळे श्वास रोखून बघतोय. आणि मग शिंकांची जी सरबत्ती सुटली, ती शेजारच्या वाडीवस्तीला ऐकू गेली असेल.

मुलीच्या हातात पेन होतं. तिनं त्याला टोपण लावलं. "आजोबा, तुमची संमती नाही. मी काही पाहिलं नाही."

काका टॉवेल उचलायचा विसरले. इतक्या लोकांदेखत झालेली गोष्ट कुणी न झालेली मानेल, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. मोरीतून परत आले ते तिच्यासमोर बसले. "लिही. आन नळी बी दे. पन काय घावलं ते आमाला येऊन सांगायचं, मराठीत."

तिनं शब्द पाळला. पुढच्या हिवाळ्यात ती आली. आमच्यात जो फरक सापडला, तो जगभर कितीतरी घरांत आहे, म्हणाली; आणि त्यांनी तो कुणालाही वापरता येईल असा जाहीर केला आहे.

काकांचा चेहरा पडला. "म्हंजे आमचं खास असं काय न्हाईच?" थोड्या वेळानं म्हणाले, "पन आमच्यात ही शिंक आली कुठनं? आमच्या बाकडनंच असंल."

"आईकडनं," आत्या म्हणाली.

"आईला शिंकताना कवा बघितलंस?"

मग वडील म्हणाले, "आई उनात यायची तीच डोळ्यावर पदर वढून. तिला ऊन लागलं तर शिंक यील न्हवं?"

मग काकांनी आत्याला विचारलं, चहा टाकू का. ते स्वतः चहा टाकतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं. साखर लय झाली होती.