अमेरिकेतली भाऊबंदकी

माणमध्ये मी ज्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते, त्या घरमालक काकांना अमेरिकेचं भारी वेड. तिथं अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी एकाच पक्षातली माणसं आपसात भांडत होती, तेव्हा काका रोज सकाळी बोटानं मशेरी घासत मला जिन्यातच अडवायचे.

"म्याडम, काल काय झालं तितं?"

एकानं दुसऱ्याचं जुनं भाषण उकरून काढलंय, असं मी सांगितलं की ते हळहळायचे. "आपल्याच मानसाचं आसं काढू न्हाई. लई वंगाळ."

गेल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत काकांच्याच पॅनेलनं त्यांना डावलून त्यांच्या धाकट्या चुलतभावाला उभं केलं होतं. तेव्हा काकांनी भर चौकात त्याचं नको नको ते काढलं होतं, हे मला काकूंकडून कळलं. घरं समोरासमोर, पण तेव्हापासून बोलणं बंद.

मग एक दिवस तिकडं अमेरिकेत हरलेला उमेदवार जिंकलेल्याच्या व्यासपीठावर जाऊन त्याला पाठिंबा देताना दिसला. काकांनी तो व्हिडिओ माझ्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिला.

"मनापास्नं हसतोय का त्यो?"

"वाटत नाही, काका."

"नसंना का. गेला तर खरा."

त्यांनी चूळ भरली, टोपी घातली आणि ते रस्ता ओलांडून समोर गेले. चुलतभाऊ ओट्यावर बसला होता. तो उठला नाही. काकांनीच खुर्ची ओढून घेतली. बराच वेळ दोघंही रस्त्याकडं बघत बसले. शेवटी चुलतभावानं आत तोंड करून हाक मारली, "आगं, दादा आल्यात. च्या टाक."