सुमनताईंनी थांबवलेलं मशीन

द्वारका चौकातल्या सिग्नलला अडकले होते, तेव्हा आशाचा फोन आला. "ताई, आई गेल्या... झोपेतच." हॉर्नच्या गलक्यात आधी कळेचना. मग स्कूटर बाजूला घेतली आणि भर रस्त्यात रडले. आशा म्हणजे नांदगावच्या सुमनताईंची सून, आणि सुमनताई चार वर्षांपूर्वीच्या आमच्या पेशंट. कॅन्सर परतला नव्हता, हृदयानं दगा दिला. मी हॉस्पिटलच्या किरणोपचार विभागात मशीन चालवते. पेशंटसाठी रडायचं नाही, असं नव्या मुलींना मीच बजावत असते. आता महिना होत आला, तरी डोळ्यांना काही ते पटत नाही.

माझी जीभ तिखट, हे सगळा विभाग जाणतो. किरणं नेमक्या जागी पडावीत म्हणून पेशंटच्या अंगावर शाईनं रेघा काढतात. त्या पुसल्या की पुन्हा मोजमाप, मागची रांग खोळंबते. म्हणून पहिल्याच दिवशी मी दम भरायचे. भिंतीवर फलकही होता, 'रेघ पुसू नये.' माझ्या धाकानं सगळं कसं शिस्तीत चाललंय, अशी माझी समजूत!

सुमनताई एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या. मे महिन्यात आशाला घेऊन रोज रेल्वेनं नांदगावहून यायच्या. असंच एकदा त्यांना टेबलावर झोपवलं, प्रकाशाची रेघ जुळवली आणि बाहेर जायला वळले, तोच त्या म्हणाल्या, "मॅडम, मशीन लावू नका. ही रेघ खरी नाही. काल आंघोळीत पुसली, आज मी अंदाजानं गिरवली." झालं! माझा पारा चढला. दोन बोटं इकडेतिकडे झाली असती तर? भलत्याच जागी किरणं गेली असती, कळतंय का? मी त्यांना उभं-आडवं घेतलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं ओरडून? आता बाहेर अजून किती जणींनी गिरवलीय ते बघू या."

माझ्याआधी त्याच बाहेर गेल्या. गाऊनवर ओढणी घेतली आणि बाकांमधून खणखणीत आवाज टाकला, "रेघ पुसली गेलीय, असं कुणी राहिलंय का? माझी पुसली होती. मी घरी पेनानं ओढली." त्या पुन्हा म्हणाल्या, "राहिलंय का कुणी?" मालेगावच्या शमीमआपांनी हळूच हात वर केला. "मेरी बहू ने काजल से बनाई..." मग दुसरा हात, तिसरा. पेठकडच्या एक आजी म्हणाल्या, "म्या तं आंगच धुवलं नाय, पंधरा दिस झाले." इतके दिवस कुणी ताकास तूर लागू दिली नव्हती. कुणाला? मला!

डॉक्टरांनी त्या दिवशी सगळ्याच जणींची मोजमापं नव्यानं घेतली आणि बाकावर बसून सुमनताईंना विचारलं, "हे कसं जमलं तुम्हाला?" त्या हसल्या. "साहेब, भरल्या गाडीत 'फुकट्या कोण' म्हटलं की एकही हात वर येत नाही. 'राहिलंय का कुणी' म्हटलं की माणूस आपणहून बोलतो."

त्यानंतर शाईऐवजी गोंदलेले, कायमचे बारीक ठिपके आले. फलक बदलला, 'खूण फिकी वाटली तर आधी सांगा. कुणी रागावणार नाही.' दुसरं वाक्य सुमनताईंचं. ते लिहिताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू! उपचार संपल्यावरही महिन्यातून एका सोमवारी त्या पेशंटच्या बैठकीला यायच्या, डॉक्टरांच्या शेजारी बसायच्या आणि आमच्या चुका आम्हालाच ऐकवायच्या. आमचा विभाग आज जो काही नीट चालतो, त्यात आम्हा शिकलेल्यांइतकाच या बाईचा वाटा आहे. हे सांगताना मला अभिमानच वाटतो.

दहाव्याला नांदगावला गेले. आशा मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. म्हणाली, "ताई, ती रेघ आईंनी नव्हती गिरवली. आंघोळ मीच घालायचे. माझ्याच हातून पुसली, पहाटे आई झोपेत होत्या तेव्हा मीच ओढली. रेल्वेत आईंना सांगितलं, तर म्हणाल्या, तू गप्प राहा, मी बघते."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"पहिल्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात... रेघ पुसली तर सासूच्या जिवाला तू जबाबदार."

मला आठवतसुद्धा नव्हतं. चार वर्षं ही पोर ते उराशी घेऊन बसली होती. आणि टेबलावर माझं सगळं बोलणं सुमनताईंनी हिच्यासाठी झेललं होतं.

आशाचा हात धरला. म्हटलं, "चुकलंच माझं. येत्या बैठकीला आईंच्या जागी तू ये. हे सगळं तिथं सांग, सगळ्यांसमोर."

आशा चाचरली. "तुमचं नाव न घेता सांगते, ताई."

"नाही," मी म्हटलं, "नाव घेऊन सांग."