अण्णांना ऐकवलेली टेप

गुरुवार होता. पिंपरी-चिंचवडमध्ये आमच्या बाजूच्या कारखान्यांना तेव्हा गुरुवारी सुट्टी असायची, म्हणून दादाचा बँड आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत जमला होता. सत्तरचं दशक संपत आलेलं... रॉक गाणं, आणि गाणारी मी, घरातली बेबी!

आमचे अण्णा फोर्जिंगमध्ये, तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या मोठ्या हॅमरवर कामाला. कंपनीच्या गॅदरिंगमध्ये मुलांबरोबर स्टेजवर गायची परवानगी त्यांनी अजून दिली नव्हती. "आधी ऐकवा, मग बघू," एवढंच म्हणाले होते. म्हणून गाणं टेप करून त्यांना ऐकवायचं होतं; माझं सगळं त्या टेपवर अडलं होतं.

दादाचा मित्र इक्बाल रेडिओ दुरुस्त करायचा. चार माइकचे आवाज एकत्र करणारा मिक्सर त्याने घरीच बनवला होता. सगळ्यांनी एकदम वाजवायचं, ते एकदम टेप व्हायचं... बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून.

आणि बिघडतच होतं. बेस गिटार आणि पायाने वाजवायचा मोठा ड्रम, दोघांचा खालचा आवाज एकमेकांत मिसळून नुसता घुमायचा. माझे शब्द त्यात बुडून जायचे.

"अरे राव, दोघंही एकाच खुर्चीत बसायला बघतायत," इक्बाल वैतागून म्हणाला. मग त्याने आईची जुनी गोधडी ड्रममध्ये कोंबली, बेसचा घुमारा छाटला, माझ्या माइकचा आवाज चढवला. संध्याकाळी टेप लावली... ढोल ढोलाच्या जागी, बेस बेसच्या जागी, आणि वर माझा प्रत्येक शब्द स्वच्छ. आमचं नाचायचं तेवढं बाकी होतं.

अण्णांना बोलावलं. ते खुर्चीत बसले, डोळे मिटले. पायाने बरोबर ठेका धरला होता... माझा जीव भांड्यात पडला.

टेप संपली. "झकास वाजवता रे पोरांनो! ते मागे मधूनमधून कोण कण्हतंय, तेवढं काढून टाका," अण्णा म्हणाले. "हं, आता बेबीचं गाणं लावा."

आम्हाला वाटलं चेष्टा करतायत. दादा हसला सुद्धा. "अण्णा, अहो पहिल्यापासून तीच तर गातेय!"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी डोळे उघडून आमच्या एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं... नजर प्रत्येकाच्या ओठांवर येऊन थांबत होती.

घरात ते कायम म्हणायचे, "समोर येऊन बोल, माझ्याकडे बघून बोल." आम्ही त्याला शिस्त समजत होतो. ते ओठ वाचत होते! हॅमरच्या रोजच्या दणक्यांनी त्यांच्या कानांत ढोल तेवढा शाबूत ठेवला होता... माझा आवाज कधीच नेला होता.

आईकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करत खाली बघत होती. तिला माहीत होतं.

"बाहेर बोलू नका हं," अण्णा हळूच म्हणाले. "हॅमरवरून काढतील."

इक्बालने टेप पुन्हा सुरुवातीला आणली. मी अण्णांच्या समोर जमिनीवर बसले आणि टेपबरोबर गाऊ लागले... ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. दुसऱ्या कडव्याला त्यांचेही ओठ हलू लागले.

गाणं संपलं. अण्णा म्हणाले, "गा. पण माइक हनुवटीच्या खाली धरायचा. मी पहिल्या रांगेत असणार."

गॅदरिंगला मी माइक तसाच धरला. आवाज अर्थातच पातळ आला, म्हणून इक्बालने बेस इतका खाली ओढला की दादा त्यावरून अजून त्याच्याशी भांडतो. मागे बसलेल्यांना माझे निम्मे शब्द कळलेच नाहीत म्हणे...

पहिल्या रांगेत सगळे कळले. इक्बाल, तुझे आभार तेव्हा मानायचे राहून गेले रे.