चार नंबरच्या गावाची यादी

ती चूक माझी होती. हे वाक्य मी आजवर कुणापुढंच बोललो नाही. बायकोपुढं नाही, दोस्तांपुढं नाही, आणि जिच्यापुढं बोलायला पाहिजे होतं तिच्यापुढं तर नाहीच.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. हिंगोलीत खताच्या दुकानावरच्या मजल्यावर एका खासगी कंपनीचं ऑफिस होतं. गावोगावच्या घरपाहणीचे फॉर्म पोत्यांतून यायचे, ते टाईप करून आम्ही याद्या बनवायचो. प्रोग्रामर म्हणवणारा मी एकटाच. एकेक फाईल दहा जणांच्या हातून जायची, म्हणून मी फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली बसवली होती. फाईल बदलली किंवा काढून टाकली तरी जुनी प्रत ती जपून ठेवायची, आणि कुणाच्या नावावर किती वाजता काय झालं तेही लिहून ठेवायची. तिला जोडून मीच एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. गावाचा नंबर द्या, त्या गावाच्या सगळ्या फायली शोधून समोर. केवढा तोरा होता मला त्याचा!

फायली काढून टाकायचा अधिकार मालकानं एकाच नावावर ठेवला होता, ताईंच्या. सेनगाव रस्त्यावरच्या एका तांड्यावरून त्या जीपनं यायच्या. त्यांच्या तांड्यातून टेबल-खुर्चीच्या कामाला लागलेली ती पहिली बाई. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या, आणि टायपिंगमध्ये चूक म्हणून सापडायची नाही. अधिकार मात्र नावापुरता त्यांचा. पासवर्डची चिठ्ठी त्यांच्याच मॉनिटरला डकवलेली होती आणि ज्याला लागेल तो त्यांच्या खुर्चीत बसून काम उरकायचा. सही एकाची, हात दुसऱ्याचा, ही आपल्याकडची जुनीच रीत. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर ती सोयीचीच होती.

एका सकाळी चार नंबरच्या गावाची यादी चुकीची निघाली. ती सगळी काढून नव्यानं टाईप करायची होती. अकराला लाईट जाणार होती आणि इन्व्हर्टर बिघडलेला. बाकीचे चहाला गेलेले, ताई खाली गोदामात एकट्याच फॉर्म मोजत होत्या. मी त्यांच्या खुर्चीत बसलो आणि नंबर टाकला. सापडलेल्या फायली आधी डोळ्यांखालून घालायच्या, हा नियम मीच सगळ्यांना शिकवलेला. मी बघितलं नाही. काढून टाक म्हटलं आणि उठलो.

दुपारी लाईट आली तेव्हा चाळीस ते एकोणपन्नास नंबरच्या गावांची एकही फाईल जागेवर नव्हती.

मला तिथल्या तिथं कळलं. माझा प्रोग्राम 'चार नंबरचं गाव' शोधत नव्हता, चारनं सुरू होणारं सगळं शोधत होता. आमच्याकडे नऊच गावं होती तोवर काही बिघडलं नाही. गावं पन्नासावर गेली, आणि मी परत त्या ओळीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, सगळी चारनंच तर सुरू होतात! शाळेतल्या पोराला कळेल एवढी ती चूक.

मालकानं नोंद उघडली. नाव ताईंचं.

"बाई, हे काय करून ठेवलं?"

"मी न्हाई केलं साहेब. मी तवा खाली फॉर्म मोजून राहिले होते."

"कोणी पाहिलं? मग काय तुमचं भूत येऊन करून गेलं? नाव कोनाचं हाय इथं? वाचा. वाचता येतं न्हवं?"

"चाळीसच्या पुढचे समदे तांडे मीच टाईप केले. त्यात माझा तांडा हाय. मी माझंच काम काहून पुसीन?"

"तेच म्हणून राहिलो. तांड्यावरच्या माणसाला मशीन देलं की असंच व्हतंय."

कुणीतरी फिदकन हसलं. ती चिठ्ठी रोज वाचणारे सगळे तिथं होते, एकाचंही तोंड उघडलं नाही. पण त्यांना खरं माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

ताई माझ्याकडं वळल्या. "भाऊ, तुमी सांगा. मशीन आपोआप करतं का असं?"

"मशीन आपोआप काही करत नसतं, ताई," मी म्हणालो.

शब्द न् शब्द खरा. इतकं हलकट खरं मी जन्मात दुसऱ्यांदा बोललो नाही.

त्यांनी डबा पिशवीत घातला. उद्यापासून येऊ नका, असं मालकानं त्यांना जिन्यात सांगितलं. त्यानंतर अर्ध्या तासात मी सगळ्या फायली परत आणल्या. जुन्या प्रती होत्याच की! एक ओळ हरवली नव्हती, एका घराचं नुकसान झालं नव्हतं. "वाचवलंस लेका," म्हणत मालकानं पेढे मागवले. मी दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम दुरुस्त केला. गावाच्या नंबरापुढं एक तिरकी रेघ, की नंबर तिथंच संपतो, पुढचा आकडा आत घुसत नाही. बस. प्रत्येक बदलापुढं काय केलं ते लिहावं लागायचं. मी लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. किरकोळ! एका बाईला जिन्यावरून खाली लोटून मी त्याला किरकोळ म्हणालो. माझं लग्न ठरत होतं, नोकरी नवी होती, मालक तापट होता. असल्या कारणांची मला शिसारी येते. वीस वर्षं मी तीच चघळली.

पाच-सहा वर्षांनी औंढ्याला त्या अचानक दिसल्या. देवळाच्या रस्त्याला बांगड्यांचं छोटं दुकान, जवळ दहावीतली लेक. मी तोंड चुकवणार तेवढ्यात हाक आली.

"भाऊ! वळख न्हाई देत का? मोठे झाले तुमी." पाणी दिलं, लेकरं किती विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आधी वाटायचं, म्या न्हाई केलं. पण त्या दिवशी आल्या आल्या एक फाईल काढली व्हती म्या. त्यातच गेलं असंल समदं. ही म्हनती कॉम्प्युटरचा क्लास लाव. मीच न्हाई म्हनते. आपल्या हाताला ते बराबर न्हाई."

लेक फणकारली, "माय, तुझ्या हाताचं माझ्यावर काहून?"

आणि मी, तोंडात त्यांचंच पाणी असताना म्हणालो, "होतं असं कधी कधी, ताई."

पहिल्या वेळी मी घाबरलो होतो, असं तरी म्हणता येईल. या वेळी कशाची भीती होती? ती नोकरी सुटून मला जमाना झाला होता, मालक गाव सोडून गेला होता. समोर फक्त दोन बायका होत्या आणि एका वाक्याचं काम होतं. तेवढंही या तोंडातून निघालं नाही.

त्या फायली ताईंनी काढल्या नव्हत्या, मी काढल्या होत्या. हे त्यांना, त्यांच्या लेकीच्या समोर, मला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.