खानावळीतलं एकच ताट

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमागच्या गल्लीत विजयमालाची खानावळ होती. खानावळ म्हणजे काय, तर जेवायला येणारा माणूस एकच. एका ताटाला खानावळ म्हणतात का, हे तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. बाई तोंडाची फटकळ. विचारणाराच आधी भाजून निघाला असता.

एके काळी याच दारात पायताणांचा ढीग पडायचा. कोरेगाव तालुक्यातली माणसं मार्केटात पाठीवर पोती वाहायची आणि दुपारी इथं बसून शाळूची भाकरी नि घेवड्याची आमटी हाणायची. गावाकडं जमीन जिरायती, पाऊस लहरी. एका भावानं रान बघायचं, दुसऱ्यानं मुंबईला जाऊन पोती उचलायची, असा घराघरातला ठराव. विजयमालाचा नवरा त्यातलाच. तो आजारपणात गेला तेव्हा पोरगं कडेवर होतं. पण त्याच्या सोबत्यांनी तिला गावी जाऊ दिलं नाही. "वहिनी, तुमी भाकरी थापा, आमी जेवतो," असं म्हणाले. त्यात पुढं होऊन बोलणारे हौसेराव होते.

पुढं गावात पाटाचं पाणी आलं. शाळू गेला आणि आल्याचे वाफे आले. पोरं शिकून पुण्याकडच्या कंपन्यांत लागली, ओझं उचलायला वाशीला कोण येतंय? आता गावातलं आलं काढायलाही मजूर बाहेरून आणतात, आणि मार्केटातली पोती बिहार-झारखंडची पोरं उचलतात. त्यांच्या गावाकडं कोण उरलं असेल, देव जाणे. ती पोरं आपापल्या खोलीवर भात शिजवतात. जुन्या माणसांपैकी कुणी गावी गेलं, कुणी वर गेलं. ताटं माळ्यावर चढली.

राहिले हौसेराव. त्यांचं काम सुटलं होतं, सवय सुटली नव्हती. रोज मार्केटात चक्कर मारून ते दुपारी यायचे आणि हात धुता धुता बातमी द्यायचे.

"फळांच्या मार्केटात इराणची सफरचंदं उतरली आज."

"तिकडंबी हमाल असत्याल की."

"असनारच. सफरचंद काय आपल्या पायानं चालत येतंय?"

"म्हंजे त्यांच्यासाठीबी कुनीतरी बाई तवा तापवून बसत असंल."

"असंल की. बर्म्याची तूर येती, तिच्यामागंबी एक असंल."

विजयमालाला त्या बायकांचा विचार करायला आवडे. साऱ्या आशिया खंडात आपल्यासारख्या बाया दाराकडं बघत बसल्यात, तेव्हा आपण काही एकट्या नाही, असं तिला वाटे. पण ते वाटणं हौसेरावांचं ताट उचलेपर्यंतच. ते गेले की अख्खी दुपार उरायची, मग संध्याकाळ, आणि बोलायला घरात माणूस नाही.

मुलगा धनाजी कळंबोलीला लोखंड बाजारात नोकरीला होता. "आई, आता कुणासाठी राबतेस? इकडं ये, एक खोली रिकामीच आहे," असं तो सारखा म्हणे.

"आन् भावजींच्या जेवनाचं काय?" हे तिचं ठरलेलं उत्तर. हौसेरावांची बायको वारलेली, सून दिवसभर ऑफिसात, म्हाताऱ्याच्या पोटाकडं कोण बघणार? तिला हे अगदी मनापासून वाटे. एका माणसाला आपली गरज आहे, एवढ्यावर ती तग धरून होती.

मग एका दुपारी हौसेराव आलेच नाहीत. येणार नसाल तर आदल्या दिवशी 'खाडा' सांगायचा, हा खानावळीचा कायदा. त्यांनी तो कधी मोडला नव्हता. दुसऱ्या दिवशीही ताट झाकलेलंच राहिलं, तशी तिनं डब्यात भाकरी-आमटी भरली आणि कोपरखैरण्याला त्यांचं घर गाठलं.

रजा काढून घरी राहिलेल्या सुनेनं, सुनयनानं दार उघडलं. डबा बघून तिचा चेहरा पडला.

"काकू, बसा. बाबांची शुगर खूप वाढली होती. आज सकाळीच हॉस्पिटलमधून घरी आणलं."

"अगं बाई. मग दोन घास गरम..."

"काकू, रागवू नका. मी रोज त्यांचं पथ्याचं जेवण करून ठेवून जाते. ते जेवतात, आणि मग तुमच्याकडे येऊन पुन्हा जेवतात. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कबूल केलं. म्हणाले, मी नाही गेलो तर वहिनीची चूल पेटायची नाही. आमचं ते ऐकत नाहीत. तुम्हीच सांगा त्यांना."

ज्याला आपण पोसतोय असं विजयमाला समजत होती, तो माणूस भरल्या पोटी तिच्यासाठी जेवत होता. तिला लाज वाटली, त्या माणसाचा रागही आला, आणि पोटातून मायाही दाटून आली.

आत हौसेराव उशीला टेकून बसले होते. डब्याकडं बघून कसनुसे हसले.

"भावजी, सांगायला आली," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "खानावळ बंद करती. धनाजीकडं चालली कळंबोलीला, कायमची."

ते रागावतील, निदान 'आन् माझं काय' एवढं तरी विचारतील, अशी वेडी आशा तिला होती. हौसेरावांनी मोठा श्वास सोडला.

"लई बरं केलंसा वहिनी. माझ्यापायी तुमी लेकाकडं जाईना झालासा, ह्याचाच घोर हुता. आता मी सुटलो."

तो शब्द तिच्या काळजात रुतला. डबा तसाच घेऊन ती घरी आली आणि तिनं धनाजीला फोन लावला.

"येती मी तुज्याकडं."

"आई, आधी सांगायचं ना. तू येत नाहीस म्हणून मागच्या महिन्यात सासू-सासऱ्यांना आणलं. गावात त्यांचं बघायला कुणी राहिलं नाही, रान अर्ध्या वाट्यानं कसायला दिलंय. आता इथं जागाच... दिवाळीनंतर बघू काहीतरी. टेन्शन घेऊ नकोस."

"मी कशाला टेन्शन घेती? सहज म्हनलं," म्हणून तिनं फोन ठेवला. तेलही गेलं, तूपही गेलं.

आता पुढच्या दाराला कुलूप असतं. तिचं येणं-जाणं मागच्या दारानं. भावजींनी विचारलं तर मी कळंबोलीला सुखात आहे म्हणून सांग, असं शेजारच्या मीनाला बजावून ठेवलंय. या, नुसतं बोलत बसा, असं म्हणणं तिला जमलं नसतं. तिच्या घरात शिरलेला माणूस न जेवता गेला, असं आजवर झालेलं नाही. भाकरी थापल्याचा आवाज गल्लीत जातो, म्हणून तवासुद्धा ती दुपार टळल्यावरच ठेवते.

हौसेराव बरे झाले आणि पुन्हा मार्केटात चक्कर मारायला लागले. परवा येता येता ते दाराशी थांबले. कुलूप हलवून बघितलं आणि पायरीवर टेकले. मीनानं बाहेर येऊन ठरलेलं सांगितलं.

"झ्याक झालं," ते म्हणाले. "पर दुपार लई मोठी झाली बघ, पोरी."

दाराच्या आत, दोन हातांवर, विजयमाला भिंतीला टेकून बसली होती. हाक मारावी, असं तिला फार फार वाटलं. पण हाक मारली असती, तर त्यांना जेवायला वाढावं लागलं असतं.