आडवी डहाळी

मुळशीवरून कोकणात पायी उतरणाऱ्याला तो आधी नाव विचारत नसे. काठी काखेत धरून म्हणे, "पानी पिला का?"

तुमच्यापैकी कुणी त्या वर्षांत घाट चालला असेल, तर हा धनगर तुम्हालाही भेटला असेल. धरणाचं पाणी चढत होतं. जुनी वाट मध्येच पाण्यात शिरे. म्हणून फाट्यावर, बुडालेल्या वाटेवर तो निरगुडीची डहाळी आडवी टाकून वर दगड ठेवी. आडवी डहाळी म्हणजे इकडे जाऊ नका, हे आमच्या नांदे गावात पोरासोरांनाही कळतं.

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही कॉलेजचे चौघे निघालो. सकाळी त्याच्या खोपटात दूध प्यालो; मी नांद्याचा, हे त्याला तिथेच कळलं. पुढे फाट्यावर आमच्यातल्या वकिलाच्या मुलाने डहाळी लाथेने उडवली. "अरे, ती खूण..." एवढंच मी पुटपुटलो. थोड्याच वेळात तो कमरेपर्यंत चिखलात होता. धनगर मागून धावत आला, काठी पुढे केली.

"धर घट्ट! लई शिकलास व्हय रं?"

आम्ही हसलो. ते हसणं वकिलाच्या मुलाला झोंबलं.

पुण्यात त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: घाटातले धनगर वाट अडवून प्रवाशांना संकटात घालतात. खाली चार सह्या. चौथी माझी. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. त्या तिघांना सोडून एकटा पडायची मला भीती वाटली.

पत्र छापून आलं. मामलेदारांचा हुकूम निघाला, त्या धनगराने रोज सकाळ-संध्याकाळ चावडीवर हजेरी द्यावी, गाव सोडू नये. मग मी खरं काय ते लिहून नेलं. संपादक म्हणाले, "दूध पाजलं, ही काय बातमी झाली?"

कार्तिकात चावडीवर गेलो. धनगर हजेरीला आला होता. चाऱ्यासाठी मेंढरं कोकणात न्यायचे ते दिवस.

"पत्रावर माझीबी सही हाय," मी म्हणालो.

त्याने काठी भिंतीला टेकवली. "तुला तर खूण ठावी हुती की."

"व्हय. मामलेदारांना सांगून आलोय. चौकशी करतो म्हणाले."

"तंवर मेंढरं उपाशी थांबत्यात व्हय?"

तेवढ्यात रस्त्याने कळप आला. मागे त्याची बायको, एकटी. चावडीसमोर पुढचा मेंढा थबकला, तसा सगळा कळप थांबला. बायको ओरडली, काठी आपटली. एकही हलेना.

"माझा आवाज आला तर जायची न्हाईत," तो कुजबुजला आणि आत भिंतीआड गेला.

शेवटचं कोकरू वळणापलीकडे जाईपर्यंत तो तोंडावर मूठ दाबून उभा होता.