कोमलचा पाचवीतला प्रवेश

पहिलीच्या वर्गात अकरा वर्षांची कोमल गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मी केंद्रप्रमुख, म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारा. निमगाव केतकीजवळच्या त्या शाळेत मी तपासणीला गेलो होतो.

मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, घरच्यांचं इतकी वर्षं मेंढरांमागं फिरणं. अक्षरओळख नाही, जन्मदाखला नाही. पाचवीत कशी बसवू?"

मला असले मोके सोडवत नाहीत. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, पालकांनी वय लिहून दिलं तरी पुरतं, असं सगळं ऐकवलं. वर 'वयानुरूप प्रवेश' समजावला: मूल ज्या वयाचं, त्याच वयाच्या मुलांच्या वर्गात. तिथल्या तिथे आदेश काढला आणि खुशीत घरी आलो.

आठवड्यानं मुख्याध्यापकांचा फोन आला. कोमल शाळेत येत नाही.

वस्तीवर गेलो. तिचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणतात, टोमॅटोला सुतळी बांधत होते. कळप विकून ते आता शेती करतात.

"सायेब, पयलीत पोरगी हसत जात हुती. तुमी पाचवीत घातली आन् आता दप्तराला हात लावंना."

मी कोमलला विचारलं, "मुलं चिडवतात का गं?"

"न्हाय. समदी एकेक करून धडा वाचत हुती. माझी पाळी आली, तवा बाईंनी मला सोडून माझ्या पुढच्या पोरीला उठवलं."

बाईंनी ते मायेनंच केलं होतं. पण कोमलचे डोळे भरले आणि मला माझीच लाज वाटली. मागं राहिलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण, म्हणजे वेगळा वेळ देऊन शिकवणं, हेही त्याच कायद्यात आहे. ते मी आदेशात लिहिलंच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी बाईंशी बोललो. रोज सकाळी तासभर फक्त कोमल आणि बाई, मग पाचवीचा वर्ग. आणि धड्यातली एक ओळ आदल्या दिवशीच तयार करून घ्यायची.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. बाई म्हणाल्या, "कोमल, वाच." ती उठली. अक्षराखाली बोट ठेवत, थांबत थांबत एक ओळ वाचली. ओळ संपल्यावर ती बाईंना म्हणाली, "अजून एक वाचू का?"

मी चष्मा पुसायला खाली मान घातली.

हल्ली प्रवेशाच्या आदेशावर सही करण्याआधी मी एकच विचारतो: उद्यापासून या मुलाला शिकवणार कोण?